दुसरं माणूस मिळेपर्यंत

प्रताप नगर, नागपूर
११ एप्रिल १९८७

प्रिय जया,
सप्रेम जय भीम.

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं होतं, उत्तर द्यायला एप्रिल उजाडला. रागवायचं असेल तर आमच्या सेंटरच्या मालकांवर, महादेवरावसाहेबांवर रागाव. हल्ली सगळ्या गोष्टींचं खापर मी त्यांच्याच डोक्यावर फोडते.

आधी आनंदाची बातमी. हैदराबादच्या एका कॉम्प्युटर केंद्रात माझी निवड झाली. एक जुलैला रुजू व्हायचं, ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन. आता दुसरी बातमी. ती सर्टिफिकेटं साहेबांच्या लोखंडी कपाटात आहेत. नोकरीला लागले तेव्हा 'सांभाळून ठेवतो बेटा' म्हणून त्यांनी मागितली आणि मी शहाणी डिप्लोम्यापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळी फाइल देऊन मोकळी झाले. आता मागितली की म्हणतात, 'काहून जाते वं हैदराबादले? जायचंच असन तं दुसरं माणूस तयार कर अन् जा.' माणूस वाईट नाही, तिथेच तर पंचाईत आहे. त्यांच्या घरी पुरणपोळी झाली की माझा डबा येतो. वाईट असते तर केव्हाच भांडले असते.

दुसरं माणूस मी दोनदा तयार केलं. पहिला शिकून भिलाईला गेला, दुसरा मस्कतला. ते ट्रायलवर होते म्हणून त्यांचे कागद साहेबांनी घेतले नव्हते. म्हणजे मी जितकं चांगलं शिकवते तितकी मी इथे पक्की होते.

आता कामाचं. आमचं सेंटर कळमेश्वरच्या कारखान्यांचे पगार करून देतं. मशीन एकच. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये मी प्रत्येक कारखान्याचा एक कप्पा केलाय, डायरेक्टरी म्हणतात त्याला, तुला काय सांगायचं. प्रत्येक कप्प्यात त्याच नावाच्या डेटाबेस फाइली, हजेरी आणि पगार. नावं सारखी म्हणजे एकच प्रोग्राम सगळ्यांना चालतो, ही माझी हुशारी. गेल्या महिन्यात आमच्या मस्कतवाल्याने जायच्या आधी पाइपच्या कारखान्याच्या कप्प्यात बसून बाटल्यांच्या कारखान्याची हजेरी भरली. मशीनला काय, ते निमूट घेत गेलं. तापाने अंथरुणावर पडलेला माणूस ओव्हरटाइम करून गेला आणि राबलेली माणसं गैरहजर निघाली. गेटवर गर्दी जमली, शिव्या साहेबांनी खाल्ल्या आणि ठरवून टाकलं की सत्यवतीशिवाय, म्हणजे माझ्याशिवाय, मशीन कुणाच्या हाती द्यायचं नाही.

मशीन सुरू केलं की आधी तारीख विचारतं. नाही घातली तर आपल्या मनाने १ जानेवारी १९८० धरून चालतं. हल्ली मी घालतच नाही. खिडकीला काळा कागद लावलाय, मशीनला ऊन लागू नये म्हणून. त्या खोलीत रोज तोच एक दिवस असतो आणि मी त्यात बसलेली असते. कधी कधी छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं गं.

तुझ्याकडे दोन मागण्या आहेत. आपण कुठल्या कप्प्यात बसलोय हे प्रोग्रामला कसं कळेल, ते सांग. पॉलिटेक्निकात तू पहिली आणि मी दुसरी, हे मी विसरलेले नाही. आणि तुझ्या पुण्याच्या ऑफिसात नागपूरकडचं, घरी परतू पाहणारं कुणी असेल तर पाठव. नुसती बटणं दाबणारं नको, प्रोग्राम बिघडला तर दुरुस्त करणारं हवं. जून संपायच्या आत मिळालं नाही तर हैदराबाद गेलं.

मधुसूदनरावांना नमस्कार सांग.

तुझी,
सत्या


पुणे
२२ एप्रिल १९८७

प्रिय सत्या,
सप्रेम नमस्कार.

हैदराबाद म्हणजे काय, मजा आहे बुवा एका मुलीची. तिथे गेलीस की मोत्यांचे डूल पाठवायचे, नाहीतर मी बोलणार नाही.

तुझ्या प्रोग्रामला कळत नाही, कारण तू त्याला सांगितलेलंच नाहीस. प्रत्येक कप्प्यात एका ओळीची साधी टेक्स्ट फाइल टाक. तिच्यात त्या कारखान्याचं नाव, बाकी काही नाही. घराच्या दारावर पाटी असते तशी. प्रोग्रामने सुरुवातीला माणसाला विचारायचं, कुणाचा पगार करायचा? मग ती पाटी एका कॉलमच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये ओढून घ्यायची आणि दोन्ही नावं ताडून बघायची. जुळली तर पुढे जायचं, नाहीतर जागच्या जागी थांबायचं. हजेरीच्या डेटाबेसमध्येही कारखान्याच्या नावाचा एक कॉलम वाढव. दुसऱ्याची फाइल चुकून आत आलीच तर तीही सापडेल. सोबत दोन पानांवर अख्खा प्रोग्राम लिहिलाय. इथे चालवून बघितलाय, बिनधास्त टाक.

आणि जरा शिस्त लाव गं. आमच्या ऑफिसातलं मशीन तुमच्यासारखंच आहे, पण संध्याकाळी काम संपलं की आम्ही हार्ड डिस्क बाहेर काढतो, मऊ कापडात गुंडाळतो आणि खणात ठेवून कुलूप लावतो. सकाळी ज्याचं काम असेल त्यानेच ती मशीनमध्ये घालायची. कुणी कुणाच्या कप्प्यात शिरायचा प्रश्नच येत नाही.

माणसाचं मात्र अवघड आहे. इथे नागपूरच्या उन्हाचं नाव काढलं की लोक पदराआड तोंड लपवतात. तरी विचारून बघते. मला हल्ली श्वास घ्यायला फुरसत नाही, ऑफिस, घर, सासूबाईंचे गुडघे. मधुसूदन मजेत आहेत.

तुझी,
जया


प्रताप नगर, नागपूर
२ मे १९८७

प्रिय जया,
स. जय भीम.

तुझी पाटी लागली. मुद्दाम चुकीच्या कप्प्यात जाऊन बघितलं, प्रोग्राम हटवादी म्हशीसारखा जागेवर उभा राहिला. डोकं तुझंच, मी कबूल करते.

पण एक ओळ मशीनने घेतली नाही. ती आपण कॉलेजात शिकलो त्या डीबेस भाषेच्या जुन्या आवृत्तीची होती, नव्यात तसं चालत नाही. मी बदलली. मग तू चालवून बघितलास म्हणतेस तो कुठे चालला?

आणि हार्ड डिस्क रोज बाहेर काढता? ती मशीनच्या पोटात स्क्रूने आवळलेली असते, जया. काढतात ती फ्लॉपी. आधी मी खूप हसले, नंतर माझा पारा चढला. तू माझी टिंगल करतेस, नाहीतर ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून, नीट न ऐकता, चार ओळी खरडतेस. पुण्याला गेलं की माणसाला मागे राहिलेल्यांसाठी एवढाही वेळ नसतो का? मी इथे अडकलेय आणि तू मला कापडाच्या गोष्टी सांगतेस.

तुझ्या पाटीने झालं काय ते ऐक. चूक होईना म्हणून साहेब खूश झाले आणि आणखी कारखान्यांची कामं घेऊन आले. मी म्हटलं, आता हे कुणीही चालवेल, माझे कागद द्या. तर म्हणाले, 'चालवन कोणीबी, बिघडलं तं कोण पाहीन?' घरी बाबाही त्यांच्याच बाजूचे. साहेब पोरीसारखं मानतो, असं दुसरीकडे मिळत नाही म्हणतात.

माणसाचं काय झालं? तुझ्या ऑफिसचा पत्ता तरी पाठव, मीच तुझ्या साहेबांना लिहीन.

सत्या


प्रताप नगर, नागपूर
२१ मे १९८७

प्रिय जया,

तुझं उत्तर नाही. रविवारी मी बसने कन्हानला, तुझ्या माहेरी गेले, म्हटलं काकूंकडून तरी तुझ्या ऑफिसचा पत्ता मिळेल. काकूंनी पन्हं दिलं, माझ्या आईची चौकशी केली. मी पत्ता मागितला तेव्हा त्या चकित होऊन म्हणाल्या,

'कोनतं ऑफिस वं? जया तं घरीच हाय. सासूचं सारं तिच्याच हातानं होते. तुले कोनं सांगतलं नोकरी करून राहिली म्हनून?'

मी म्हटलं, काकू, माझीच गल्लत झाली, ती दुसरी मैत्रीण. त्यांना खरं वाटलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी आणखी एक पेला भरला.

परतताना पुलापर्यंत मला तुझा भयंकर राग आला होता. मग ती दोन पानं आठवली, तुझ्या अक्षरातली. मशीनशिवाय लिहिलेली. पूर्ण प्रोग्रामात एकच ओळ चुकली होती. मला बसमध्ये रडू आलं, शेजारच्या बाईने विचारलं, माहेर सोडून चालली का?

मागच्या पत्रात बोलले ते मनावर घेऊ नकोस. तू मला काहीही सांगायला बांधलेली नाहीस. पण सांगितलंस तर मला हवं आहे.

तुझी,
सत्या


पुणे
२८ मे १९८७

प्रिय सत्या,

आई काही बोलली नाही, पण तिच्या पत्रात या वेळी 'तब्येतीला जप' दोनदा होतं. मी समजले, तिला माझं खोटं कळलंय.

लग्नाच्या वेळी मधुसूदनने कबूल केलं होतं, मी नोकरी करायची. इथे आल्यावर एका कंपनीचं बोलावणंही आलं. त्याच उत्साहात तुला 'रुजू झाले' लिहून टाकलं, रुजू व्हायच्या आधीच. मग सासूबाई पडल्या. मधुसूदन म्हणाले, एवढ्यात नको. त्या बऱ्या झाल्या, नणंदेचं लग्न निघालं, एवढ्यात नको. कुणी नाही म्हणत नाही, सत्या. कुणी आवाज चढवत नाही. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. तुझे साहेब आणि माझं घर एकाच शाळेत शिकलेत बघ.

पहिलं खोटं लिहिलं ते मागे घ्यायची लाज वाटली. मी पहिली आलेली ना. मग तुझी पत्रं यायला लागली, हे चालत नाही, ते अडलं, आणि मी उत्तरं लिहायला लागले. कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे लिहिते. भाजी चिरताना प्रोग्राम डोक्यात चालवते, एकेक ओळ, जिथे अडेल तिथे सुरी थांबते. सासूबाई म्हणतात, सूनबाई फार शांत. त्या ऑफिसातली माणसं, खण, कुलूप, सगळं मी बसवलेलं आहे. हार्ड डिस्क मी पाहिलेली नाही. आपल्या वेळी फ्लॉप्याच होत्या, वाटलं ही मोठी फ्लॉपी असेल.

तू दुसरं माणूस मागत होतीस. मीच येते. मला तुझी खुर्ची दे.

जया


प्रताप नगर, नागपूर
३ जून १९८७

प्रिय जया,

नाही.

सुटायची घाई मला आहे, पण इतकी नाही. तू इथे येशील, साहेब गोड बोलून तुझे कागद कपाटात ठेवतील आणि मी गाडीत बसून निघून जाईन? त्या खोलीत खिडकी नाही म्हटलं तरी चालेल. सणवार कळत नाही. काही बिघडलं की रविवारीही माणूस बोलवायला येतो, आणि काहीतरी बिघडतंच. मी ज्या खड्ड्यात आहे त्यात तुला उतरवून तुझ्या खांद्यावर पाय देऊन मी बाहेर पडणार नाही.

आणि तुझा संसार? मधुसूदनराव पुण्यात, तू कन्हानहून रोज बसने नागपूरला, हे कोण चालू देईल? हैदराबाद नाही तर नाही. तू तिथेच एखादी नोकरी धर, मी मधुसूदनरावांना लिहिते हवं तर.

तुझी,
सत्या


पुणे
८ जून १९८७

सत्या,

मधुसूदनला लिहायचं नाही. तू चांगलं लिहितेस, ते चांगलं उत्तर देतील, आणि पुन्हा एवढ्यात नको.

माझ्यासाठी काय खड्डा आणि काय नाही ते तू ठरवू नकोस. इथे सगळे माझ्यासाठी ठरवतातच. तू कंटाळलीस ते मशीन मला हवं आहे. काहीतरी बिघडतं म्हणतेस, बिघडू दे की. माझ्या हाताने नीट होईल. इथे माझ्या हातून बिघडतं ते फक्त वरण.

आईला बघायला जाते म्हणून सांगितलंय. ते खोटं नाही, अर्धं आहे. माझी सर्टिफिकेटं कन्हानलाच आहेत, आईच्या पेटीत. साहेबांना सांगून ठेव की पुढच्या आठवड्यात दुसरं माणूस येतंय.

जया


हैदराबाद
१२ जुलै १९८७

प्रिय जया,
स. जय भीम.

रुजू झाले. एका बाईंकडे खोली मिळाली. मोठा हॉल, चार मशीनं, खिडक्यांना काळा कागद नाही. पण काम करताना माझं लक्ष लागत नाही.

डोळ्यांसमोरून ती दुपार जात नाही. तू पहिल्यांदा कीबोर्डवर हात ठेवलेस तेव्हा मी मनात म्हणत होते, नापास होऊ दे, देवा, म्हणजे ही घरी जाईल. तशी मी देव मानत नाही. साहेबांनी मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली होती, मला न सांगता. तू खालच्या ओठाची कड चावत बसलीस आणि चहा यायच्या आत फाइल नीट करून दिलीस. मग त्यांनी कपाट उघडलं. माझी फाइल काढून मला दिली आणि त्याच जागेवर तुझी ठेवली. 'सांभाळून ठेवतो बेटा,' तेच शब्द. तू हसून दिलीस. मी बघत उभी राहिले आणि काही बोलले नाही, कारण माझे कागद माझ्या हातात होते.

इथे शेजारी अरुंधतीबाई म्हणून वकील राहतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कुणाची सर्टिफिकेटं अशी अडकवून ठेवता येत नाहीत, एक नोटीस गेली की माणूस घाबरून परत करतो. फी घेणार नाहीत. फक्त तुझी सही लागेल. कागद सोबत पाठवलाय. सही करून परत पाठव, बाकी मी बघते. तुला तिथे कोंडून मला इथे झोप लागत नाही.

तुझी,
सत्या


कन्हान
२६ जुलै १९८७

प्रिय सत्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि तुला झोप लागावी म्हणून आधी सांगते, मी बरी आहे. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने येते. आई रोज डबा देताना विचारते, अन् जावई कधी येनार? मी म्हणते, येतील.

सर्व्हिसवाला आला होता. त्याने मशीन उघडल्यावर मी सगळ्यात आधी हार्ड डिस्क शोधली. खरंच स्क्रू आहेत. कापडात गुंडाळली असती तर छान दिसली असती, पण असो. पगाराच्या फाइलींची रोज एक प्रत फ्लॉपीवर निघावी असं मी केलंय. मशीनला तारीखही घालते. साहेब कुरकुरले, तेवढा वेळ जाते म्हणे. मी ऐकलं नाही. रविवारी बोलावणं आलं, मी गेले, तू देत असशील त्या शिव्या मीही दिल्या. तू म्हणालीस तसंच आहे इथे. दुपारनंतर खोलीतला पंखाही गरम हवा फेकतो. मला कोंडल्यासारखं होतच नाही असं लिहिलं तर ते पुन्हा पुण्याच्या ऑफिसासारखं होईल.

आता जे घडलं ते. गेल्या गुरुवारी मधुसूदन आले. घरी नाही, थेट सेंटरवर. शांत होते, नेहमीसारखे. साहेबांना नमस्कार केला, चहा घेतला, आणि मला म्हणाले, 'चल. आई वाट बघतेय. सुटी झाली की आता.' मी त्यांना काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, सत्या, पुण्याहून येताना गाडीत बसून पाठ केलं होतं. त्यांनी 'चल' म्हटलं आणि मी पिशवी उचलली. खरंच उचलली. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, 'असं कसं नेता जावईबापू? तिचे कागद माह्या कपाटात हायेत. दुसरं माणूस तयार झाल्याबिगर मी तं नाही सोडत.'

मधुसूदन त्यांच्याशी बराच वेळ बोलले, समजुतीने. साहेबही समजुतीने बोलले. तुला माहीत आहे ते किती समजुतीने बोलतात. दोघंही अगदी सभ्य माणसं, माझ्याविषयी बोलत होती, मी मध्ये उभी. शेवटी मधुसूदन माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं मी साहेबांना विनवीन. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, 'बघा ना, मी तरी काय करणार?'

ते एकटेच परत गेले. जाताना म्हणाले, या माणसाने तुला अडकवलंय, मी काहीतरी मार्ग काढतो. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाजही. मी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणू शकले नाही गं. ते एक कपाट मध्ये उभं राहिलं म्हणून मी राहिले. कधीतरी म्हणेन, माझ्या तोंडाने. अजून ते बळ नाही.

साहेब मला एक मुलगी शिकवायला देणार होते. मी म्हटलं, आत्ता कामं फार आहेत, पुढे बघू.

अरुंधतीबाईंना माझा नमस्कार सांग. भल्या बाई दिसतात. तू पाठवलेला कागद मी चुलीत घातला. नोटीस पाठवू नकोस, सत्या. माझे कागद आहेत तिथेच राहू देत.

तुझी,
जया